ऊसदरासाठी हायवे अडवायचा, आणि पायलटनं तोंडपण उघडायचं नाही?

आमचा बारका पायलट आहे. म्हणजे को-पायलट, कागदावर फर्स्ट ऑफिसर. हे कळलं की समोरचा पहिलं विचारणार, "पगार किती?" आणि आकडा ऐकला की पुढचं काही त्याच्या कानात शिरत नाही. सध्या त्यांच्या कंपनीत पगाराच्या करारावरून वाजलंय, म्हणजे तर बघायलाच नको. रविवारी घरी तांबडा-पांढरा होता. मामा वाटीतला पांढरा ओरपत म्हणाले, "लाखात पगार घेत्यात, आन् वर ह्यांना युनियन पायजे? माजलीत पोरं."

माजलीत? मामा, २०२३ च्या नोव्हेंबरात पुलाची शिरोलीला हायवेवर बसला होतासा, ते विसरलासा व्हय? मागच्या हंगामाचे टनाला ४०० जादा मागितले, शेवटी कुठं १०० वर तर कुठं ५० वर मिटलं. डबा घेऊन मीच आलो होतो. तेव्हा तुम्ही घामाचं दाम मागत होता. मग बारक्याचा घाम काय मिनरल वॉटर आहे?

लायसन्स आणि टाइप रेटिंग (एका जातीचं विमान उडवायचं वेगळं ट्रेनिंग, तेही आमच्याच खिशातून) एवढ्यात दोन एकर रान बँकेकडं गहाण पडलं. हप्ता अजून चालू आहे. पगारासाठी उड्डाणाचे तास मोजतात ते विमान जागचं हलल्यापासून उतरून थांबेपर्यंतचे. धुक्यात चार तास युनिफॉर्म घालून टर्मिनलवर बसला, ते धर्मादाय. सहा महिन्यांनी सिम्युलेटरची परीक्षा, वर्षाला मेडिकल. डोळ्यात, कानात काही निघालं की लायसन्स खुंटीला. मामांचं बीपी बारा वर्षं वर आहे, ट्रॅक्टर चालवतातच की.

आणि करार करार म्हणतात तो काय, तर रात्री ११ ला मोबाईलवर आलेला ईमेल. हमीचे तास (उडा न उडा, तेवढ्याचा पगार मिळणारच असे) कमी, अमुक तारखेच्या आत सही करा. संपलं. सोडतो म्हणावं तर को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस, कॅप्टनला वर्षाची, २०१७ पासून नियमच तसा आहे. एका कारखान्यानं काटा मारला तर तुम्ही दुसऱ्याला ऊस घालता. ह्यानं विमान कुठं घालायचं?

विश्रांतीचं तर विचारूच नका. डीजीसीएनं (विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) २०२४ च्या जानेवारीत नियम केला, आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८, रात्रीची लँडिंग सहावरून दोन. लागू कधी झाला? पायलटांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात भांडल्यावर, २०२५ च्या जुलैत थोडा आणि नोव्हेंबरात उरलेला. लगेच डिसेंबरात एका मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणं रद्द. जवळजवळ दोन वर्षं हातात होती, माणसं भरायला कुणी अडवलं होतं? पण मामांचे साडू विमानतळावर अडकले आणि शिव्या खाल्ल्या कुणी, तर पायलटनं.

तिकडं अमेरिकेत डेल्टा विमान कंपनीच्या पायलटांनी २०२३ मध्ये युनियनकडून करार करून चार वर्षांत ३४ टक्के वाढ पदरात पाडून घेतली. टोप्या घालून, पाट्या धरून विमानतळाबाहेर उभे राहतात ते. आमचा बारका काय म्हणतो? "दादा, ग्रुपवर मी अंगठापण टाकत नाही. स्क्रीनशॉट वर जातो."

हे सगळं चाललं होतं तेव्हा तो माडीवर झोपला होता. खिडकीला आईची जुनी साडी बांधलेली, कारण रात्रभर ड्यूटी करून दिवसा झोपायचं तर अंधार लागतो. खोकत होता. औषध घेईना, उद्या ड्यूटीआधी श्वास तपासणार, सिरपात अल्कोहोल निघालं तर नोकरीवर यायचं. आईनं आलं-मध दिलं.

मामांनी हात धुतला, बडीशेप तोंडात टाकली आणि जिन्याकडं निघाले. "त्याला उठीव की जरा. पुढच्या महिन्यात पोरगीला हैदराबादला जायाचंय, तिकीट स्वस्तात बसतंय का बघू."

मी जिन्यात आडवा उभा राहिलो.