प्लॅन वाढवण्याआधी रांग तपासा

‘नेट अडकलं की मोठा प्लॅन घ्या’ हा सल्ला अर्धवट आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात एका पीसीवरून डिझाइनच्या जड फाइल्स चढायला लागल्या, की शेजारच्या टेबलावरचा व्हिडिओ कॉल तुटतो. राउटरच्या किंवा मोडेमच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, पॅकेट्सची (डेटाच्या तुकड्यांची) लांब रांग साचते. बफर भरेपर्यंत पॅकेट गळत नाही म्हणून टीसीपीला, म्हणजे पाठवण्याचा वेग ठरवणाऱ्या नियमावलीला, गर्दी कळतच नाही, तो वेग वाढवतच राहतो. अपलोड चालू असताना पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ, बघा: 15 मिलिसेकंदांचे 300 झाले, तर दोष रांगेचाच. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मुक्त प्रणाली) चालणाऱ्या राउटरवर एसक्यूएम हे रांग सांभाळणारं पॅकेज बसवा, त्यात केक ही रांग लावण्याची पद्धत निवडा, मोजलेल्या वेगाच्या 90 टक्के मर्यादा दोन्ही दिशांना घाला. पूर्ण 100 घातलेत तर रांग परत मोडेममध्ये जाते, आणि तिथे आपला हात पोचत नाही. स्वस्त राउटरचा प्रोसेसर मात्र जास्त वेगाला यात दमतो.