पीडीएफ न उघडता संसद कळण्याचे उपाय

डिसेंबर २०२५मधल्या एका शनिवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फटाके फुटले. म्हणजे फटाक्यांची चित्रं. खाली मजकूर : 'ऐतिहासिक!! ऑफिस सुटल्यावर साहेबाचा फोन उचलायचा नाही, संसदेत कायदा पास!' त्याखाली अंगठ्यांची रांग. दुसऱ्या मजल्यावरचे काका निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, त्यांना साहेब सोडा, बँकेचासुद्धा फोन येत नाही. त्यांनीही हात जोडून टाकले.

मला गप्प बसवलं नाही. लोकसभेच्या संकेतस्थळावर गेलो, विधेयक शोधलं, पीडीएफ ग्रुपवर टाकली आणि लिहिलं, की बाबांनो, हे पास झालेलं नाही, काल ५ तारखेला खासदार सुप्रियाताई सुळे यांनी नुसतं मांडलंय. तीन मिनिटांत उत्तर आलं : 'तुमचा ताईंना एवढा विरोध का?' पाठोपाठ दुसरं : 'कृपया ग्रुपवर राजकारण नको.' पीडीएफ कुणी उतरवूनही घेतली नव्हती. फटाके मात्र संध्याकाळपर्यंत वाजत होते.

तेव्हा लक्षात आलं, चूक माझीच. एवढे सगळे लोक एका पद्धतीने चालतात म्हणजे पद्धतीत काहीतरी असणार. ती शिकून घेतली, तुम्हालाही सांगतो.

पहिली गोष्ट, मूळ कागद उघडायचा नाही. डोळे जातात.

थेट प्रक्षेपण बघायचं नाही. संसद टीव्ही २०२१पासून यूट्यूबवर फुकट दिसतो, आपल्या विधानसभेचं कामकाजही दिसतं, पण ते फार लांब असतं. त्यापेक्षा अर्ध्या मिनिटाची क्लिप घ्यावी. शेर, टाळ्या, मागे ढोल, वर 'बोलती बंद'. समोरच्याने पुढच्या मिनिटाला काय उत्तर दिलं हे क्लिपमध्ये नसतं, त्यामुळे डोकं शांत राहतं.

तारांकित प्रश्न म्हणजे सिनेमावाल्यांबद्दलचे प्रश्न, असं समजून चालावं.

प्रश्नोत्तरांच्या यादीपासून तर लांबच राहा. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न असतात, उत्तरं संकेतस्थळावर येऊन पडतात, बऱ्याचदा जोडपत्रात राज्यवार तक्ते असतात. असा तक्ता चुकून नजरेला पडला तर आपल्या भागाचा आकडा दिसेल आणि चहाच्या टपरीवरचं आपलं ठाम मत हलेल. आपल्या विधानसभेची उत्तरं वाचायला गेलात तर वेगळाच धोका आहे, गोडी लागते. '(१) हे खरे आहे काय? (२) असल्यास, कोणती कार्यवाही केली? (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' आणि समोर : '(१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.' चार दिवस हे वाचलंत, की घरी बायकोने दुधाचं विचारलं तरी तोंडातून 'अंशतः खरे आहे' निघतं. स्वानुभव आहे.

आता मुख्य उपाय. 'मांडलं', 'पास झालं' आणि 'लागू झालं' या तिन्हींचा अर्थ एकच धरायचा. आमच्या ग्रुपवर धरतात. ते डिसेंबरातलं 'राइट टू डिसकनेक्ट' विधेयक सुप्रिया सुळे यांनी मांडलं होतं. त्या मंत्री नाहीत, म्हणून ते खासगी सदस्याचं विधेयक. अशा विधेयकांना लोकसभेत शुक्रवारच्या कामकाजातले शेवटचे अडीच तास मिळतात, म्हणजे ज्या वेळी शाळेतसुद्धा मास्तर नवा धडा सुरू करत नाहीत ती वेळ. स्वातंत्र्यापासून अशी मोजून १४ विधेयकं कायदा झाली. शेवटचं १९७० साली. सुळे यांनी याच नावाचं विधेयक डिसेंबर २०१८मध्येही मांडलं होतं! खासदार असं विधेयक आणतो ते विषय सभागृहाच्या नोंदीत यावा म्हणून, सरकारला टोचणी लागावी म्हणून. काम चांगलंच आहे, त्याचं कौतुक जरूर करा. पण सोसायटीतल्या एका पोराने त्या फॉरवर्डच्या भरवशावर रविवारी साहेबाचा फोन तीनदा कापला. सोमवारी त्याची जी काय पूजा बांधली गेली, तिथे कुणी अंगठा द्यायला गेलं नाही.

आणि पास झालं म्हणजे तरी काय? वेतन संहिता पास झाली २०१९मध्ये, कामगारांच्या उरलेल्या तीन संहिता २०२०मध्ये. अंमल सुरू झाला २१ नोव्हेंबर २०२५ला. मधली पाच-सहा वर्षं आमच्या ग्रुपवर 'उद्यापासून हातात पगार कमी येणार' हे दर एप्रिलला नव्याने येत होतं आणि दर एप्रिलला लोक नव्याने घाबरत होते. कायदा कधीपासून लागू ते ज्यात छापून येतं ते राजपत्र फुकट आहे हो. विधेयकांचा अभ्यास करणाऱ्या 'पीआरएस' या संस्थेच्या संकेतस्थळावर सरकारी विधेयकांचा छोटा सारांश असतो, कुठे अडकलंय तेही लिहिलेलं असतं. तोही फुकट. पण फुकट म्हटलं की आपल्याला फक्त अनलिमिटेड कॉल आणि कोथिंबीर आठवते.

बाबासाहेबांच्या नावाने फिरणारं वाक्य खरं आहे का, हे तपासायचं नाही. घटना परिषदेचे सगळे वादविवाद जालावर वाचता येतात, २५ नोव्हेंबर १९४९चं भाषण अख्खं आहे, पण फॉरवर्डला फूल छान असतं.

आपल्या आमदाराने कोणत्या बाजूने मत दिलं, हे शोधू नका. आवाजी मतदान झालं असेल तर सापडणारही नाही, 'होय'च्या आवाजाला नाव नसतं. मतविभागणी झाली असेल तर सापडेल, आणि मग लग्नात भेटल्यावर त्यांच्याबरोबर सेल्फी काढताना अवघडल्यासारखं होईल.

विधेयकावर सूचना मागवल्या की मुदत संपेपर्यंत थांबायचं आणि मग ओरडायचं. 'आम्हाला कुणी विचारलंच नाही!'

आता इथे मात्र माझ्याच्याने हसवत नाही.

कारण विचारलं होतं. आपल्या राज्याचं जनसुरक्षा विधेयक घ्या, कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदा कारवाया रोखण्यासाठी म्हणून आणलेलं. जुलै २०२४मध्ये पहिल्यांदा मांडलं, डिसेंबरात नागपूरला पुन्हा मांडलं आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. समितीने लोकांकडून सूचना मागवल्या. बारा हजारांवर आल्या. ते बारा हजार जण काही आकाशातून पडलेले नव्हते. कुणीतरी जेवणं उरकल्यावर मसुदा उघडला, कलमावर बोट ठेवलं आणि अर्ज लिहिला. मूळ मसुद्याच्या उद्देशात 'व्यक्ती आणि संघटना' होतं. समितीतून बाहेर येताना त्यातली 'व्यक्ती' गेली. कायदा तुम्हाला पटो न पटो, तुम्ही कुठल्याही पक्षाचे असा, एक शब्द गेला, आणि त्या एका शब्दात किती माणसं बसतात ते वकिलाला विचारा. जुलै २०२५मध्ये ते दोन्ही सभागृहांत पास झालं, आणि त्या रात्री आमच्या ग्रुपवर प्रश्न आला, 'हे अचानक कुठून आलं?'

अचानक? वर्षभर समोर पडलं होतं ते! तुम्ही आयपीएलच्या लिलावात कोण किती कोटींना गेला ते तोंडपाठ सांगता. मोबाइल घेताना चाळीस परीक्षणं बघता, भाड्याच्या करारात 'आणि'च्या जागी 'किंवा' आहे म्हणून एजंटला उभं करता. मग 'कलम ३मध्ये, "आणि" या शब्दाऐवजी "किंवा" हा शब्द दाखल करण्यात येईल' असं लिहिलेलं विधेयक येतं तेव्हा तुमचे डोळे का दुखतात? वेळ नाही म्हणू नका. वेळ फटाके पाठवायला होता. आणि जो वाचून सांगतो त्याला 'कोणत्या पक्षाचा' विचारायची लाज वाटली पाहिजे. मुदत पाळून एक पानाचा अर्ज न लिहिणाऱ्याने पास झाल्यावर गळा काढू नये. शोभत नाही.

ती डिसेंबरची पीडीएफ ग्रुपवर परत टाकतोय. थोडीच पानं आहेत. शेवटाकडून सुरुवात करा, तिथे 'उद्देश व कारणे' असतात, सोपी असतात. काका, तुम्हीसुद्धा.