‘गिट सोडून बाकी सगळं मेलं’ या दाव्याबद्दल

“गिट जिंकलं, कारण तेच सर्वांत चांगलं होतं. बाकीच्या व्हर्जन कंट्रोल सिस्टिम ही अडगळ. गंभीर ओपन सोर्स प्रकल्प गिटवरच असतात, दुसरं काही वापरलं तर नवे लोक फिरकत नाहीत. गिट विकेंद्रित असल्याने काम सुरक्षित राहतं. या क्षेत्रात आता नवं करण्यासारखं काही उरलेलं नाही.”

थोड्याफार फरकाने हा मजकूर सतत फिरत असतो आणि नव्याने प्रोग्रामिंग शिकणारी मुलं तो प्रमाण मानतात. कोडमध्ये कोणी, कधी, काय बदललं याचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्रामला व्हर्जन कंट्रोल सिस्टिम म्हणतात. गिट हे त्यातलं ताकदीचं साधन आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. वरच्या दाव्याबद्दल मात्र आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ‘सर्वांत चांगलं म्हणून जिंकलं’. २००५ च्या एप्रिलमध्ये लिनक्स कर्नलवर काम करणाऱ्यांना बिटकीपर हे व्यावसायिक व्हर्जन कंट्रोल साधन फुकट वापरण्याची मुभा उरली नाही. म्हणून लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने गिट लिहायला घेतलं. त्याच महिन्यात, त्याच गरजेतून मर्क्युरियल हे दुसरं साधनही जन्मलं. पुढची कित्येक वर्षं दोन्ही तोडीस तोड होती. पायथन भाषेच्या मंडळींनी बझार (असंच आणखी एक साधन), गिट आणि मर्क्युरियल यांची रीतसर तुलना करून २००९ मध्ये मर्क्युरियल निवडलं. फायरफॉक्सचा कोड मर्क्युरियलमध्येच होता. फेसबुकनेही आपल्या अवाढव्य रेपोसाठी (कोड आणि त्याच्या इतिहासाच्या साठ्यासाठी) मर्क्युरियल घेतलं, कारण त्याच्या आत शिरून हवे ते बदल करणं त्यांना सोपं गेलं.

मग पारडं फिरलं कशाने? २००८ मध्ये गिटहब आलं, म्हणजे गिटचे रेपो ठेवून त्यावर मिळून काम करण्याची वेबसाइट. पायथन २०१७ मध्ये गिटवर गेलं ते गिटहबवर जायचं होतं म्हणून. लोकांनी पाठवलेले पॅच (कोडमधले बदल) तपासून आत घेण्याचं काम हलकं व्हावं, ही त्यामागची खरी निकड होती. २०२० मध्ये बिटबकेट या तशाच साइटने मर्क्युरियलचे रेपो ठेवणं बंद केलं आणि अनेक छोट्या प्रकल्पांना गिटवर जाणंच सोयीचं राहिलं. म्हणजे लोक जिथे जमले ती जागा जिंकली आणि तिच्याबरोबर तिथलं साधनही जिंकलं. त्याला गुणवत्तेचा निकाल म्हणता येत नाही.

‘गंभीर प्रकल्प गिटवरच’ हे तर सरळ चुकीचं आहे. तुमच्या फोनमध्ये या क्षणी एसक्यूलाइट डेटाबेस चालू आहे, फोन अँड्रॉइड असो की आयफोन. त्याचा सोर्स कोड २००९ पासून फॉसिल या वेगळ्या व्हर्जन कंट्रोल सिस्टिममध्ये आहे. फॉसिलही एसक्यूलाइटचे जनक रिचर्ड हिप यांनीच लिहिलं. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचा मुख्य कोड सीव्हीएस या सिस्टिममध्ये आहे, आणि सीव्हीएस गिटपेक्षा कितीतरी जुनं. गिटमधला कोड एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून पुश करताना (सर्व्हरवर पाठवताना) बहुतेकांच्या मशीनवर जे ओपनएसएसएच धावतं, त्याचं मूळ काम याच सीव्हीएसमध्ये चालतं. इतर सिस्टिमसाठीची पोर्टेबल आवृत्ती तेवढी गिटमध्ये आहे.

नवे लोक फिरकत नाहीत, या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने सबव्हर्जन हे जुनं साधन सोडलं, एनजिनएक्स या वेब सर्व्हरने २०२४ मध्ये मर्क्युरियल सोडलं, २०२५ मध्ये फायरफॉक्सही गिटहबवर गेलं. एसक्यूलाइटचं उदाहरण इथे चालणार नाही, कारण ते बाहेरच्यांचे पॅच सहसा घेतच नाहीत. ज्या प्रकल्पाला अनोळखी माणसांची मदत हवी, त्याला ओळखीच्या साधनाचा फायदा होतोच. तरी त्यासाठी मूळ साधन सोडावंच लागतं असं नाही. फॉसिलमधून गिटमध्ये आरसाप्रत काढता येते, एसक्यूलाइटची तशी प्रत गिटहबवर आहेच. मर्क्युरियललाही गिटशी बोलणारं एक्स्टेन्शन आहे.

आता विकेंद्रितपणाचा मुद्दा. मला सर्वांत जास्त खटकतो तो हाच. गिट विकेंद्रित आहे, म्हणजे प्रत्येकाकडे रेपोची आपली प्रत (क्लोन) असते आणि त्या क्लोनमध्ये कोडचा पूर्ण इतिहास येतो, हे खरं. पण प्रकल्प म्हणजे नुसता कोड नसतो. हा बग कुणी, कधी, कोणत्या परिस्थितीत पाहिला. हा बदल का नाकारला. कोणत्या वादानंतर हा पर्याय ठरला, हे सगळं इश्यू (बगच्या नोंदी) आणि पुल रिक्वेस्ट (बदल आत घेण्याच्या विनंत्या) यांच्यामध्ये असतं. ते क्लोनमध्ये येत नाही, एका कंपनीच्या सर्व्हरवर राहतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये गिटहबची सेवा चोवीस तासांहून अधिक विस्कळीत होती. ऑक्टोबर २०२० मध्ये कॉपीराइटच्या तक्रारीवरून यूट्यूब-डीएल या व्हिडिओ उतरवणाऱ्या प्रोग्रामचा रेपो हटवला गेला आणि पुढच्या महिन्यात परत आला. मधल्या काळात कोडच्या प्रती कितीतरी जणांकडे होत्या, पण इश्यूंमधली वर्षानुवर्षांची चर्चा गिटच्या क्लोनबरोबर कुणाकडेच आलेली नव्हती.

फॉसिलने ही गोष्ट मुळातच वेगळी धरली. अख्खा रेपो म्हणजे एसक्यूलाइटची एक फाइल. बगची तिकिटं, विकी, फोरमवरची चर्चा, सगळं त्यातच. क्लोन केलात की तेही येतं, आणि त्याची वेबसाइट तुमच्याच मशीनवर, इंटरनेट नसतानाही उघडता येते. त्यासाठी वेगळं काही बसवावं लागत नाही. प्रोग्रामही एकच फाइल आहे. फॉसिलमध्ये रिबेस (आधीचे बदल नव्या क्रमाने पुन्हा मांडणं) मुद्दामच ठेवलेलं नाही, कारण घडलेला इतिहास मागाहून नीटनेटका करू नये अशी त्यांची भूमिका आहे. ती सर्वांना पटणार नाही, पण ती विचारपूर्वक घेतलेली आहे आणि एसक्यूलाइटचं काम तिच्यावर वर्षानुवर्षं चाललंय.

राहिला ‘नवं काही उरलं नाही’ हा भाग. गिटच्या चेकआउट या एकाच कमांडवर नको तितकी कामं लादली गेली, म्हणून गिटच्याच लोकांनी २०१९ मध्ये स्विच आणि रिस्टोअर या दोन नव्या कमांड आणल्या. बाहेर तर याहून मूलभूत काम चालू आहे. डार्क्स या साधनाने कोडच्या अवस्थांऐवजी पॅच हाच पाया मानला. कॉन्फ्लिक्ट (एकमेकांशी न जुळणारे बदल) आले की ते कधीकधी अडकून पडायचं. पिजुल या नव्या साधनाने तोच विचार नव्या गणिती पायावर उभा केला आहे.

जुजुत्सू हे असंच आणखी एक नवं साधन. ते लिहायला सुरुवात करणारा गूगलमधला अभियंता त्याआधी मर्क्युरियलवर काम करत होता. ज्याला अडगळ म्हणतात, त्या मर्क्युरियलच्या कल्पना जुजुत्सूत जागोजाग दिसतात. यात स्टेजिंगची (बदल निवडून वेगळे ठेवण्याची) पायरी नाही, चालू काम आपोआप कमिटमध्ये (इतिहासातल्या नोंदीत) जातं. कॉन्फ्लिक्ट आला तर तो कमिटमध्येच नोंदवला जातो आणि सवडीने सोडवता येतो. प्रत्येक कृतीची नोंद राहते, त्यामुळे फसलेलं रिबेस एका अनडूने मागे फिरवता येतं. आणि खाली साठवण गिटचीच असते. सबमॉड्यूलवर (एका रेपोत जोडलेल्या दुसऱ्या रेपोवर) अवलंबून असलेल्या प्रकल्पांची अजून अडचण होते, त्यांनी थांबावं. बाकीच्यांना आपल्या चालू गिट रेपोमध्येच जुजुत्सू सुरू करता येतं. पुश केलेले कमिट नेहमीसारखेच दिसतात, त्यामुळे टीममधल्या कुणालाही आपलं साधन बदलावं लागत नाही.