मोतीबिंदूची शिबिरं आणि 'व्हिडिओ गेमवर शिकलेले डॉक्टर': खुलासा

बीड-परभणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'शिबिरात व्हिडिओ गेमवर शिकलेली पोरं गरिबांच्या डोळ्यांवर हात साफ करतात, जाऊ नका.' हे चुकीचं आहे, आणि ते वाचून एखादी आजी ऑपरेशन टाळेल याची फार काळजी वाटते.

ज्याला गेम म्हटलंय ते सिम्युलेटर. शिकाऊ डॉक्टर मायक्रोस्कोपसारख्या यंत्रातून बघत कृत्रिम डोळ्यात अवजारं फिरवतो. पायाखाली खऱ्यासारखंच पेडल असतं. चूक लगेच कळते, तीच पायरी पुन्हा पुन्हा करता येते. सगळ्यात जपायचा असतो तो डोळ्यातल्या भिंगाच्या आवरणाचा मागचा पापुद्रा, केसाहून कितीतरी पातळ. ब्रिटनमध्ये पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या शिकाऊ सर्जनांकडून तो फाटण्याचं प्रमाण २००९ मध्ये ४.२ टक्के होतं. सिम्युलेटरचा सराव रुळला त्या काळात, २०१५ पर्यंत, ते २.६ टक्क्यांवर आलं.

सिम्युलेटर झाला की एकट्यानं ऑपरेशन, असंही नसतं. सुरुवातीला वरिष्ठ सर्जन शेजारी असायलाच हवेत. तुमचं ऑपरेशन कोण करणार, हे बिनधास्त विचारा. तो तुमचा हक्क आहे. पण 'सोयाबीन निघाल्यावर बघू' म्हणत पिकलेला मोतीबिंदू तसाच ठेवू नका. त्यातून डोळ्याचा दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते.