‘सिएरा माद्रे’ दोन टग लावून ओढता येत नाही

‘अमेरिकेने चीनला डिवचायला 1999 मध्ये फिलिपिन्सला एक भंगार जहाज दिलं. सपाट बुडाचं असल्याने ते भर समुद्रात चालेना आणि चुकून खडकावर चढलं. आता ते ओसाड पडलंय. दोन टग (जहाजं ओढणाऱ्या बोटी) आणि एक मोठी भरती मिळाली की निघेल. इंजिन बंद म्हणजे ते जहाजच नाही, तेव्हा कुणीही ओढून नेलं तरी बेकायदा नाही.’ हा मजकूर ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. मर्चंट नेव्हीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या भाच्याने तो खरा मानून मला पाठवला, म्हणून हे लिहितोय.

सालापासूनच घोळ आहे. हे भंगार म्हणजे ‘सिएरा माद्रे’, मूळचं एलएसटी-821. एलएसटी म्हणजे रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारं जहाज. 1944 मध्ये अमेरिकेच्या इव्हान्सव्हिलमध्ये, ओहायो नदीकाठी बांधलं. दुसऱ्या महायुद्धात ओकिनावाची लढाई पाहिली. 1955 मध्ये ‘हार्नेट काउंटी’ हे नाव मिळालं. व्हिएतनाम युद्धात मेकाँगच्या खोऱ्यात गस्ती बोटींचा आणि हेलिकॉप्टरांचा तरंगता तळ म्हणून राबलं. 1970 मध्ये दक्षिण व्हिएतनामच्या नौदलात ‘मी थो’ झालं, 1975 मध्ये सायगाव पडल्यावर निर्वासितांच्या ताफ्यासोबत फिलिपिन्समधल्या सुबिक बेला पोचलं आणि 1976 मध्ये फिलिपिन्सकडे गेलं. 1999 मध्ये कुणी कुणाला काही दिलेलं नाही. जुनी जहाजं दुसऱ्याच्या नौदलात जाणं यातही नवल नाही. आपल्या नौदलाची पहिली ‘मगर’ अशीच, ब्रिटिश एलएसटी, 1949 मध्ये आली.

सपाट बूड समुद्रात चालत नाही, हे तर हसण्यावारीच न्यावं. एलएसटी लांब प्रवासाला निघताना बॅलास्टच्या (वजन कमी-जास्त करायच्या) टाक्यांत पाणी भरून खोल बसते आणि किनारा गाठताना त्याच टाक्या उपसून हलकी होते. पूर्ण भारात पुढे साधारण 8 फूट आणि मागे 14 फूट पाण्यात बसणारं जहाज 500 टन माल घेऊन किनाऱ्याला लागताना पुढे जेमतेम 4 आणि मागे 10 फुटांवर येतं. लाटांत ते भयंकर लोळतं, हे खरं. पण ग्रीक नौदलातून निवृत्त झालेली एलएसटी-325 बहुतेक सत्तरीपलीकडच्या खलाशांनी 2000-01 च्या हिवाळ्यात क्रीटहून अटलांटिक ओलांडून अलाबामातल्या मोबिलला नेली.

आता टगवाला मुद्दा. याचाच मला जास्त राग आहे, कारण तो वाचायला शहाणपणाचा वाटतो. एलएसटी परत निघते ती तीन गोष्टींच्या जोरावर. किनाऱ्याकडे येताना मागचा नांगर खोल पाण्यात टाकून ठेवलेला असतो, त्याची तार विंचने (तार गुंडाळणाऱ्या यंत्राने) ओढायची. उतरवताना जहाज घट्ट बसावं म्हणून भरलेलं बॅलास्ट उपसायचं. आणि दोन्ही पंखे उलटे फिरवायचे. शिवाय वेळ साधावी लागते. उधाणाच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या भरतीच्या, माथ्यावर चढवलेलं जहाज भांगाच्या, म्हणजे लहान, भरतीला सुटत नाही, हे कोकणातला कुठलाही नाखवा सांगेल.

‘सिएरा माद्रे’कडे यातलं काय उरलंय? ती 1999 च्या मे महिन्यात दक्षिण चीन समुद्रातल्या सेकंड थॉमस शोल या उथळ प्रवाळावर बसली. त्या जागेला फिलिपिनी लोक आयुंगिन म्हणतात. तिचं बूड वाळूवर नाही, प्रवाळावर टेकलंय. भार सगळीकडे सारखा न पडता काही टोकांवर पडतो. गंजलेला पत्रा तिथेच फाटतो, आणि तळ फाटलेल्या टाकीतून कितीही पाणी उपसा, तेवढंच आत येतं. जहाज हलकं होतच नाही. त्यात 2015 पासूनच्या बातम्यांनुसार नौदलाने ते टिकवायला आतून सिमेंट आणि पोलाद घातलंय. ते वजन पंपाने जात नाही. अशा 100 मीटर लांबीच्या सांगाड्याला टगची तार लावली तर आधी बोलार्ड (तार अडकवायचा डेकवरचा खुंट) उपटून येईल, नाहीतर जहाज मधोमध तुटेल. तिथून ते निघालं तर कापून, तुकड्यातुकड्यांनी.

आणि त्यावर माणसं आहेत. फिलिपिन्सचे मरीन तिथे आळीपाळीने राहतात. 17 जून 2024 ला त्यांच्यासाठी रसद नेणाऱ्या बोटींशी चिनी तटरक्षकांची झटापट झाली, त्यात एका फिलिपिनी नौसैनिकाचा अंगठा तुटला. ‘ओसाड भंगार, कुणीही न्या’ लिहिणाऱ्याने हे वाचायचे कष्ट घेतले नाहीत.

‘जहाजच नाही’ हेही चूक. संयुक्त राष्ट्रांच्या समुद्र कायद्याचं कलम 29 युद्धनौकेची व्याख्या करतं. जहाज देशाच्या सशस्त्र दलाचं हवं, तशी बाह्य खूण हवी, नेमणूक झालेला अधिकारी आणि लष्करी शिस्तीतला ताफा हवा. इंजिन सुरू असावं, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. ‘सिएरा माद्रे’ अजून फिलिपिन्सच्या नौदलाच्या यादीत आहे.

‘चुकून’ या शब्दापुरतं थोडं मान्य करतो, कारण फिलिपिन्स सरकारने तेव्हा बाहेर तसंच सांगितलं होतं. पण शेजारच्या मिस्चीफ रीफवर चीनने 1995 पासून बांधकाम चालवलं होतं. ते पाहूनच जहाज तिथे बसवलं गेलं, हे आता कुणी लपवत नाही.

उरला हक्काचा प्रश्न. फिलिपिन्सने चीनविरुद्ध नेलेल्या खटल्यात 12 जुलै 2016 च्या आंतरराष्ट्रीय लवादाच्या निवाड्याने ही जागा ओहोटीला उघडी पडणारी आणि फिलिपिन्सच्या विशेष आर्थिक क्षेत्रातली ठरवली. जहाजाभोवतीची कोंडी मात्र लष्करी बाब म्हणून लवादाने आपल्या अधिकाराबाहेर ठेवली. फॉरवर्डवाल्यांना धरून ठेवायला तेवढंच आहे, पण त्याचा अर्थ ‘ओढून न्या’ असा होत नाही. रसदीपुरती दोन्ही देशांत जुलै 2024 मध्ये तात्पुरती समजूत झाली. जहाज हटवायचं त्यात ठरलेलं नाही.