नगेट्सच्या पाकिटावरचं ‘१०० टक्के चिकन’

शाळा सुरू झाली की पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. यंदा तो मला तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर आला. त्यातले दावे थोडक्यात असे: फ्रोझन चिकन नगेट्स म्हणजे १०० टक्के चिकन, त्यात घरच्या चिकनइतकंच प्रोटीन असतं, एअर फ्रायरमध्ये केले की तेलाचा थेंबही पोटात जात नाही, आणि प्रिझर्वेटिव्ह नसल्यामुळे डब्याला रोज दिले तरी चालतात. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. सकाळी सहाला डबा भरणाऱ्या माणसाला असा दिलासा हवाच असतो. पण यातलं बरंचसं त्याच पाकिटाच्या मागच्या बाजूला खोडून काढलेलं असतं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी ते १०० टक्के. या शब्दांचा अर्थ एवढाच, की आत जे मांस आहे ते फक्त कोंबडीचं आहे. अख्खा नगेट चिकनचा आहे, असा तो अर्थ नाही. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. पाकीट उलटं करून ती वाचा. पहिलं नाव बहुतेक वेळा चिकनच असतं. पाठोपाठ पाणी, मैदा, ब्रेडक्रम्स, खाद्यतेल, स्टार्च, कधी सोया प्रोटीन, मग मीठ, मसाले आणि ४५१, ४५२ असे आकडे. हे आकडे फॉस्फेटांचे. मांसात पाणी धरून ठेवायला ती घालतात. त्याने तुकडा रसरशीत लागतो आणि वजनही टिकतं. चिकनच्या नावापुढे कंसात पुष्कळदा टक्का दिलेला असतो. मी पाहिलेल्या पाकिटांवर तो कुठे पन्नाशीच्या घरात होता, कुठे साठीच्या पुढे. शंभर कुठेच नव्हता, आणि असणारही नाही, कारण वरचं कुरकुरीत आवरण कोंबडीचं नसतं. अमेरिकेत तर ‘ब्रेडेड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कोंबडीच्या पदार्थात आवरण वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत चालतं, असा नियमच आहे.

यात कुणी भेसळ केलेली नाही, हेही सांगायला हवं. हा पदार्थ जन्मापासून असाच आहे. कॉर्नेल विद्यापीठातले प्राध्यापक रॉबर्ट बेकर यांनी १९६३ च्या सुमारास तो घडवला. त्यांच्यापुढचे प्रश्न दोन होते: बाहेरून कातडीचं वेष्टन न घालता खिमा एकत्र कसा धरून ठेवायचा, आणि गोठवून पुन्हा तळला तरी आवरण सुटू नये म्हणून काय करायचं. खिमा मीठ आणि व्हिनेगर घालून मळायचा, बांधायला दुधाची पावडर आणि धान्याचं पीठ, वरून पातळ पिठाचा लेप आणि चुरा, ही त्यांची युक्ती. तिचं पेटंटही त्यांनी घेतलं नाही. म्हणजे मीठ, पीठ आणि चुरा हे या पदार्थाचे मूळ घटक आहेत. ते नाहीतच असं म्हणणं तेवढं चुकीचं.

आता प्रोटीन. इथे तुलना सरळ करायला हवी, कारण कच्च्या आणि शिजवलेल्या चिकनचे आकडे वेगळे असतात. शिजताना पाणी उडतं, त्यामुळे कातडी काढलेल्या छातीच्या मांसात कच्चं असताना १०० ग्रॅमला २२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, शिजल्यावर ३१. नगेट्सच्या पाकिटावर हाच आकडा साधारण १२ ते १६ असतो. समजा १३ ग्रॅम प्रोटीन, १६ ग्रॅम कर्बोदकं आणि १५ ग्रॅम चरबी असं पाकीट आहे. त्याच्या सुमारे २५० कॅलरींपैकी प्रोटीनमधून येतात ५२, म्हणजे जेमतेम एक पंचमांश. निम्म्याहून जास्त येतात चरबीतून. साध्या शिजवलेल्या छातीच्या मांसात १६५ कॅलरींपैकी तीन चतुर्थांश प्रोटीनच्या असतात. अर्ध्या किलोच्या या पाकिटात ६५ ग्रॅम प्रोटीन येतं, अर्धा किलो कच्च्या बोनलेसमध्ये ११०. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. मुलाला प्रोटीन मिळावं म्हणून पोटाला चिमटा काढून हे पाकीट घेणारी घरं मी पाहिली आहेत. त्यांच्या पैशातला मोठा वाटा मैदा, पाणी आणि तेलावर जातो, आणि वर हे फॉरवर्ड त्यांना सांगतं की दोन्ही सारखंच.

एअर फ्रायरचं अर्धं खरं आहे. कढईत तळले तर आणखी तेल शिरतं, ते वाचतं. पण नगेट कारखान्यातच काही सेकंद गरम तेलात तळून, मग गोठवून पाकिटात भरलेला असतो, नाहीतर त्याचं आवरण टिकलंच नसतं. ते तेल आत असतंच. म्हणूनच एअर फ्रायरमध्ये वरून काही न लावता तो खमंग होतो. वरच्याच पाकिटातले सहा नगेट्स, म्हणजे साधारण ११० ग्रॅम, खाल्ले तर १६ ग्रॅमच्या वर चरबी पोटात जाते. तीन चहाचे चमचे तेल समजा.

मिठाबद्दल हे फॉरवर्ड चकार शब्द काढत नाही. १०० ग्रॅमला ४०० ते ६०० मिलिग्रॅम सोडियम ही नगेट्समध्ये नेहमीची गोष्ट आहे. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ कळतं: ५०० मिलिग्रॅम म्हणजे सव्वा ग्रॅम. वर एक मोठा चमचा केचप घेतलं की आणखी दीडशे मिलिग्रॅम सोडियम. पाकिटावरचे दैनंदिन गरजेचे टक्के २००० कॅलरी आणि २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे मोठ्या माणसाचा दिवस, धरून काढलेले असतात. सात-आठ वर्षांच्या मुलाला ते लावले तर त्याच्या वाट्याचं मीठ कमी भासतं. शिवाय पाकिटावरची ‘एक सर्व्हिंग’ कधी चारच नगेट्सची असते. चारावर थांबणारं मूल माझ्या तरी पाहण्यात नाही.

प्रिझर्वेटिव्ह नाहीत, हे बहुतेक वेळा खरं असतं. उणे १८ अंशांवर जंतू वाढत नाहीत, मग प्रिझर्वेटिव्ह घालायची गरजच काय? पण त्यावरून ‘रोज चालतं’ असा निष्कर्ष निघत नाही.

उलट्या बाजूचंही एक फॉरवर्ड आहे, गुलाबी लगद्याचा फोटो दाखवून सगळे नगेट्स याचेच असतात असं सांगणारं, आणि मी त्याच्याही बाजूची नाही. हाडाला चिकटलेलं मांस यंत्राने दाबून, चाळून काढतात हे खरं, पण प्रत्येक नगेटमध्ये तेच असतं असं नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपीमधल्या डॉक्टरांनी नगेट सूक्ष्मदर्शकाखाली तपासून एकात निम्मं आणि दुसऱ्यात ४० टक्के स्नायूंचं मांस मोजलं होतं. तो दाखला खूप फिरतो. पण ते दोन रेस्टॉरंटमधले दोनच नगेट्स होते. तेवढ्यावरून आपल्या दुकानातल्या पाकिटाबद्दल काहीच सांगता येत नाही.

माझ्या फ्रीझरमध्ये आत्ताही एक पाकीट आहे, अडीअडचणीला. फॉरवर्ड आलेल्या तिन्ही ग्रुपांवर मी त्याच्या मागच्या बाजूचा फोटो टाकला आहे, चिकनचा टक्का, प्रोटीन आणि सोडियम यांच्याभोवती लाल गोल करून. तुमच्या घरातल्या पाकिटाचाही तसाच टाका.