फुकट रेशनने मजूर आळशी झाले म्हणे!

परत तोच मेसेज फिरतोय नाशिकच्या ग्रुपांवर. फुकट रेशनने लोक आळशी झाले, द्राक्षबागेला मजूर मिळेना, पैसा आमच्या टॅक्सचा, संकट आलं तर आधी कंपन्या वाचवा, गरिबांचं मग आपोआप होतं. एकेक बघू.

आळशी? रेशन माणशी महिन्याला ५ किलो, म्हणजे दिवसाला १६५ ग्रॅमच्या आसपास. तेल, डाळ, गॅस, भाडं, पोरांची फी सगळं बाकीच. चौघांच्या घराला २० किलो, बाजारभावाने दोनेक दिवसांची मजुरी धरा, तेवढ्यावर महिनाभर कोण झोपून राहतं सांगा बरं. सुरगाणा-पेठ या डोंगराळ तालुक्यांतली माणसं भात कापून झाला की आजही दिंडोरी-निफाडच्या बागांवर येतातच, पोरंबाळं घेऊन. ओढाताण होते कारण गोडी छाटणीनंतर (ऑक्टोबरच्या आसपासची, फळासाठीची छाटणी) विरळणी म्हणजे जादा मणी काढणं, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, हे सगळ्यांचं एकदमच निघतं आणि जो भाव जास्त देतो त्याच्याकडे मजुरांची टोळी जाते. कांद्याला भाव मिळाला की आपण खूश, मजुराने मागितला की तो माजला!

टॅक्सचं म्हणाल तर साबण-बिस्किटावरचा जीएसटी मजूरही भरतो. हां, पगारातून प्रोफेशनल टॅक्स कापतात तो तुमचा, आणि तो १९७५ मध्ये आणलाच रोजगार हमीसाठी, म्हणजे मागेल त्याला काम द्यायच्या राज्याच्या योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून, पाझर तलाव खोदून मजुरी घेतली, १९७७ ला त्याचा कायदा झाला, २००५ ला तीच कल्पना मनरेगा म्हणून देशभर गेली. लॉकडाऊनच्या वर्षी मनरेगाच्या ६१,५०० कोटींवर केंद्राला अजून ४०,००० कोटी टाकावे लागले, एवढे लोक काम मागत होते.

बोगस कार्डं आहेत, मान्य. कापा ना. पण अंगठा उमटत नाही म्हणून म्हातारीला परत पाठवतात त्यावर मेसेज येत नाही कधी.

आणि आधी कंपन्या म्हणे. मे २०२० मध्ये मुंबई-आग्रा हायवेवरून माणसं चालत गेली ती बघितलीत ना, १ मेला नाशिकरोडवरून भोपाळची श्रमिक ट्रेन सुटली, कामगार असे गावी गेल्यावर कंपन्या काय नुसत्या मशीनवर चालणार होत्या? खरी गोची रेशनच्या यादीची आहे. शहरात वर्षाला ५९,००० च्या आत उत्पन्न असेल तरच रेशनचं धान्य, म्हणजे महिना बारा हजारवाला ड्रायव्हर यादीबाहेर, आणि नोकरी एका रात्रीत गेली तरी बाहेरच. यादीबाहेरच्या केशरी कार्डवाल्यांना २०२० मध्ये मग वेगळा निर्णय काढून गहू ८ आणि तांदूळ १२ रुपये किलोने दिला, लॉकडाऊन मार्चचा आणि कोटा मे-जूनचा.